इतिवृत्ते कायम झाला

“गट विमा म्हणजे नेमका कुठल्या गटाचा?”

विरोधी पक्षनेते नेमगोंडा पाटील यांनी हा प्रश्न विचारला आणि कसबा तारवडे नगरपरिषदेच्या सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. पंखा तसा रोजच करकरायचा, पण तो ऐकू येण्याइतकी शांतता या सभागृहाच्या नशिबी फारशी येत नसे.

दाराशेजारी भिंतीला पाठ टेकून जयसिंग कांबळे उभा होता. उजवा हात जांघेशी दाबून धरलेला. पोटात गोळा आल्यासारखं वाटलं ते त्या प्रश्नामुळे की मुळात तिथे होता त्या गोळ्यामुळे, हे त्याला नीट कळलं नाही.

जयसिंग हा गावाचा चावीवाला. म्हणजे कुलपं उघडणारा नव्हे, पाणी सोडणारा. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खड्ड्यात वाकायचं, माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी चावी खालच्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि घाण्याच्या बैलासारखं फिरत राहायचं. व्हॉल्व्ह त्याच्याहून म्हातारे होते आणि त्याच्याहून हट्टी. एवढी वर्षं त्यांच्याशी झोंबून शेवटी जयसिंगचंच आतडं हरलं. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हर्निया आहे, आतडं खाली उतरलंय, येत्या सोमवारी भरती व्हा. ऑपरेशनला पैसा पडणार नव्हता. “पण त्यानंतर दोन महिने जड कामाला हात लावायचा नाही,” असं डॉक्टर म्हणाले, आणि खरा आजार तिथून सुरू झाला.

कारण जयसिंग रोजंदारीवर होता. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी तो नगरपरिषदेचा कोणी नाही. आणि चावी दोन महिने दुसऱ्याच्या खांद्यावर गेली की ती परत येत नसते, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. त्या चावीवर डोळा ठेवून दोन्ही गटांचा एकेक तरुण तालमीत दंड काढत बसलेला होता.

म्हणून तर मुख्याधिकारी प्रियदर्शनी उपाध्ये मॅडमनी हा विषय आणला होता. कायम असो की रोजंदारी, सगळ्या कर्मचाऱ्यांचा एकत्र विमा. दवाखान्याचा खर्च, आजारपणात मजुरी, आणि माणूस बरा होईपर्यंत त्याची जागा त्याचीच. मॅडम नोकरीत नव्या होत्या. “सभागृहाला प्रत्यक्ष माणूस दिसला की फरक पडतो,” असं म्हणून त्यांनी जयसिंगला दाराशी उभं केलं होतं. इतक्या त्या नव्या होत्या.

“गट म्हणजे समूह,” मॅडम म्हणाल्या. “ग्रुप इन्शुरन्स. सगळ्यांचा मिळून एक.”

“मॅडम, तुमी शिकल्यासवरल्या हायसा,” नेमगोंडा पाटील गोड आवाजात म्हणाले. गावात त्यांना आण्णा म्हणत. “समूह म्हणा, ग्रुप म्हणा, मराठीत त्येला गटच म्हणत्यात. आणि खुर्ची अध्यक्षांची, म्हंजे गट अध्यक्षांचा. उद्या आमच्याकडचा माणूस खड्ड्यात पडला, तर कंपनीचा साहेब म्हणणार, तुमी ह्या गटात न्हाय. त्यो काय तितंच पडून ऱ्हायचा?”

परगावच्या माणसाला हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. पण तारवड्यात मूल जन्माला आलं की आधी त्याचा गट ठरतो. नाव काय, बारशाला ठेवतात. गावात दूध संस्था दोन, पतसंस्था दोन, तालमी दोन. स्मशानातल्या शेडसुद्धा दोन आहेत, कारण एका गटाचा माणूस दुसऱ्या गटाच्या शेडमध्ये नीट जळत नाही अशी श्रद्धा आहे. अशा गावात ‘गट विमा’ हा शब्द कागदावर लिहून आणायचा, म्हणजे बैलांच्या बाजारात लाल छत्री उघडण्यासारखं होतं.

नगराध्यक्ष गणपतराव खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकले. “आण्णा, निम्मं हापिस तुमच्या सत्तेत भरलंय. सगळी तुमच्या पावण्यांची पोरं. त्यांचा विमा मी उतरवू? माझ्या सहीनं? उद्या माझीच माणसं मला इचारतील, साहेब, तुमी नेमकं कुणाकडनं हाय?”

म्हणजे विमा दुसऱ्याच्या फायद्याचा आहे, याबद्दल दोन्ही गटांचं पूर्ण एकमत होतं. एवढं एकमत तारवड्यात पुरात सुद्धा होत नाही.

“मग एक करू,” गणपतराव म्हणाले. “कोण कुठल्या गटाचा, हे आधी ठरू दे. मग इमा. हा बघा, एक नमुना उभाच हाय. जयश्या, पुढं ये! घाबरू नगं. सभागृहाला सांग, तुझा गट कुठला?”

जयसिंग पुढे आला. इतक्या लोकांनी एकदम त्याच्याकडे पाहण्याची त्याला सवय नव्हती. लोक त्याला पाहत ते खड्ड्यात वाकलेल्या पाठीकडून. गट? कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरने त्याला बजावून सांगितलं होतं, मामा, कुणीबी गट विचारला तर चुकायचं न्हाय, पाठ करून ठेवा. त्याने पाठ केलं होतं.

“बी पॉझिटिव्ह,” तो म्हणाला.

सभागृह हसायला लागलं ते थांबेचना. आण्णा रुमालाने डोळे पुसत होते. गणपतराव टेबलावर थापा मारत होते, आणि दोन्ही बाजूंचे सदस्य एकमेकांना टाळ्या देत होते. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. जयसिंगही थोडा हसला, पण हसताना पोटावर ताण येतो म्हणून लगेच थांबला.

“अध्यक्षसाहेब,” कोपऱ्यातून आवाज आला. नगरसेविका रूपालीताई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या सहसा उठत नसत. त्यांचं कामकाज त्यांचे यजमान राजवर्धन पाहत. आणि बाहेरच्या माणसाला सभागृहात बसू देत नाहीत म्हणून ते व्हरांड्यात, खिडकीच्या गजांना तोंड लावून उभे असत. आजही होते. “अध्यक्षसाहेब, जयसिंगमामा कुणाच्याच गटाचे नसतील तर त्यांना बसायला खुर्ची तरी द्या. मघापासनं पोट धरून उभे आहेत, आणि मला वाटतंय की ह्या इम्याचं...”

खिडकीतून खोकला आला. मोठा, सरावाने बसवलेला खोकला.

“...एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते,” रूपालीताई म्हणाल्या आणि बसल्या.

खुर्ची कोणी दिली नाही. आण्णांनी डोळे पुसून झाल्यावर रुमालाची घडी घातली. “हसण्याचं जाऊ दे. पण हा गडी तुमच्याच गटाचा हाय, अध्यक्ष. आमच्या पेठेत पाणी येतंय कसं? चिमणीच्या मुतासारखं. आपोआप येतंय व्हय तसं?”

“आणि माझ्या वरच्या मजल्यावर चढतच न्हाय, ते?” गणपतराव गरजले. “त्यो तुमचाच! मला पयल्यापासनं संशय हाय.”

“साहेब, पाइपच जुना हाय,” जयसिंग म्हणाला. “त्येला मी तरी...”

“तू गप. तुझ्याबद्दल चाललंय.”

शेवटी ठराव झाला. ‘गट विमा’ या संज्ञेतील ‘गट’ या शब्दाचा अर्थ निश्चित करण्यासाठी अभ्यास समिती. दोन्ही गटांचे समसमान सदस्य. आणि समितीचा एक दौरा गोव्याला, कारण शब्दांचे अर्थ समुद्रकाठी जास्त उलगडतात. तोवर विमा स्थगित.

मॅडमनी लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं. काय केलं ते त्यांनाच माहीत. जयसिंगकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

पुढचा विषय होता समाज विकास निधी. विम्याला ठेवलेले पैसे आता या खात्यात जाणार होते, हे मॅडमनी पडलेल्या आवाजात सांगितलं. त्यांच्या मनात होतं, नदीकडच्या वस्तीत गटारी व्हाव्यात, बालवाडीला छप्पर यावं. पण हाही विषय त्यांनी मराठीत लिहून आणला होता. समाज म्हणजे लोक, असं त्या धरून चालल्या होत्या. सभागृहात प्रत्येकाला समाज म्हणजे आपापला समाज, हे आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं.

“आमचा समाज शांतताप्रिय हाय, मागत न्हाय,” आण्णा म्हणाले. “म्हणून कायमच मागं ऱ्हायला. आमच्या पेठेच्या तोंडाला एक कमान पायजे. संगमरवरी.”

“आमच्या समाजाला तर दोन लागतील,” गणपतराव म्हणाले. “एक यायला, एक जायला.”

खिडकीतून राजवर्धनांनीही बोटाने एक मागितली. मग कोणी कुठली मागितली याचा हिशेब राहिला नाही. तारवड्यात शिरायला रस्ते जितके होते त्याहून कमानी जास्त झाल्या. तेव्हा रस्ते नंतर वाढवायचे ठरलं. चहा गार व्हायच्या आत सगळं मंजूर. दोन्ही गटांनी मिळून बाकं वाजवली.

“जयश्या, तुमच्या समाजालाबी एक धरलीया बरं का!” गणपतराव दाराकडे पाहून ओरडले. “आमी कुणाला सोडत न्हाय.”

“साहेब, आमच्याकडं शिरायला बोळच हाय. रिक्षा मावत न्हाय.”

“मग तर कमान उठून दिसंल!”

“आणि खांब व्हॉल्व्हवरच यील, साहेब.”

“व्हॉल्व्ह हालवू की. तू कशाला हाईस?”

इथे सभा संपायची. पण गणपतरावांना चहाबरोबर माया सुटली. एका गरीब कर्मचाऱ्याला सभेत बोलावून रिकाम्या हाताने पाठवणं त्यांच्या मनाला पटेना. उद्याच्या पेपरातही काहीतरी यायला हवं होतं. त्यांनी कपाट उघडायला लावलं. दौरा रद्द झालेल्या कुठल्याशा मंत्र्यासाठी आणलेला गुलाबी फेटा, शाल आणि नारळ आत तसाच पडून होता. नारळ हलवून पाहिला, पाणी वाजलं. आदर्श कर्मचारी म्हणून जयसिंग कांबळे यांचा सत्कार, असं तिथल्या तिथे ठरलं; याला मात्र समिती लागली नाही.

फेट्याचं एक टोक अध्यक्षांनी धरलं, दुसरं आण्णांनी. दोन्ही गट एकाच कापडाला धरून उभे असल्याचं दृश्य गावाने त्याआधी पाहिलेलं नव्हतं. डोक्यावर फेटा चढला, खांद्यावर शाल आली, डाव्या हातात नारळ आला. सगळे सदस्य जयसिंगच्या भोवती असे दाटले की फोटोत तो दिसावा म्हणून एकाला त्याला कोपराने पुढे ढकलावं लागलं.

“मामा, तो हात काढा की खालनं,” फोटोवाला म्हणाला. “नमस्कार करा.”

जयसिंगने नारळ काखेत घेतला, जांघेवरचा हात उचलला आणि दोन्ही हात जोडले. आतडं आवरायला पोटाला बांधलेली चिंधी जुनी झाली होती; हात निघाल्याबरोबर आतलं सगळं सरकन खाली उतरलं. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“हसा की जरा!” फोटोवाला म्हणाला. “आयुष्यात एकदाच येतंय असं.”

फोटो चांगला आला. आण्णा आणि अध्यक्ष दोघेही हसताना दिसत होते.

“दोन शब्द बोल,” गणपतराव म्हणाले.

जयसिंगने माइककडे पाहिलं. बोलायचं म्हणून बोलावं असं त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. “उद्या पाणी हाय,” तो म्हणाला. “भरून ठेवा.”

टाळ्या पडल्या.

*

वस्तीच्या बोळात तो शिरला तेव्हा बायका दारात बसल्या होत्या. गुलाबी फेटा बघून एकीने विचारलं, “जयभीम दाजी, कुणाच्या लग्नाला?” त्याने मान हलवली आणि भिंतीला हात लावत घर गाठलं.

मीनाबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिने वर पाहिलं, फेटा पाहिला, शाल पाहिली, नारळ पाहिला, आणि पुन्हा तव्याकडे पाहिलं. मग दर महिन्याच्या सभेनंतर विचारायची तोच प्रश्न विचारला.

“इतिवृत्ते झाला का कायम?”

“झाला.”

याची गोष्ट जुनी आहे. जयसिंग पहिल्यांदा सभेच्या दिवशी पाण्याचे तांबे भरायला गेला होता तेव्हा त्याने दारातून ऐकलं, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात येत आहे.’ घरी येऊन तो बायकोला म्हणाला, इतिवृत्ते म्हणून कोणतरी गडी कायम झाला आज, आता आमचाबी नंबर लागंल. पुढच्या महिन्यात परत इतिवृत्ते कायम झाला. त्याच्या पुढच्याही. दोघा नवराबायकोने डोकं लावलं. मोठ्या वशिल्याचा दिसतो, नाहीतर मोठं कुटुंब असेल, भाऊ-पुतणे एकेक करून चिकटवत असतील. तीन-चार महिन्यांनी सभा लिपिकाने पोट धरधरून हसत त्याला अर्थ सांगितला, तेव्हा जयसिंगला लाज वाटली होती. मीनाबाईला नाही. ती म्हणाली होती, “कागूद कायम करत्यात आणि माणूस न्हाय, तर लाज कुणाला वाटायची?” तेव्हापासून इतिवृत्ते त्यांच्या घरातला झाला. सणाला त्याची आठवण निघे.

“आणि तुमचं?” मीनाबाईने विचारलं.

“माझा सत्कार झाला.”

“त्ये दिसतंय की. इम्याचं काय?”

“समिती नेमली. गट म्हंजे काय, ते बघायला गोव्याला जाणार हायत.”

मीनाबाईने भाकरी उलटली. “म्हंजे सोमवारी जायचं न्हाय.”

“कसं जाऊ? चावी कुणाकडं देऊ? एकदा दिली की गेली.”

“आवं, पण डाक्टर काय म्हणलाय? आत अडकून बसलं तर चार तास मिळत न्हाईत म्हणलाय न्हवं? मग चावी घिऊनच जावा वर!” तिचा आवाज चढला. “फेट्यावर ऑपरेशन करत्यात व्हय त्या कोल्हापुरात? नारळ फोडला की आतडं जाग्यावर जातंय? मेले एकेक! पाणी बंद करा त्यांचं. त्या गणपतरावाचं बंद करा, त्या आण्णाचं बंद करा. पेठच्या पेठ हंडं घिऊन तुमच्या दारात यायला पायजे. मग कळंल गट कुठला त्यो.”

जयसिंगने हा विचार केला नव्हता असं नाही. सभागृहातून घरी येईस्तोवर दुसरं काही केलंच नव्हतं.

“गणपतरावाच्या बंगल्याच्या पाइपावरच आपली वस्ती हाय,” तो म्हणाला. “त्येचं बंद केलं की आपलं बंद. आण्णाच्या पेठेच्या पाइपावर शाळा हाय.”

“मग?”

“मग काय. एकेकट्याला तान्हेलं ठेवता येत न्हाय ह्या गावात. तसा व्हॉल्व्हच न्हाय.”

तो भिंतीला टेकून बसला. बसतानाही एक हात जांघेशीच. मीनाबाई उठली, त्याच्या डोक्यावरचा फेटा तिने दोन्ही हातांनी अलगद, टोपलं उतरवावं तसा उतरवला आणि त्याची गाठ सोडली. कापड सुटत गेलं. चुलीपासून दारापर्यंत गेलं, दारातून परत आलं, तरी संपेना. तिने ते चिमटीत धरून चोळून पाहिलं. ताणून पाहिलं.

“कापड चांगलं हाय,” ती म्हणाली. “मंत्र्याचं दिसतंय.”

“व्हय. मंत्र्याचंच.”

“ती चिंधी सोडा आता. माझ्या आयच्या लुगड्याची हाय ती, इरून गेली पार.”

*

सकाळी उजाडता उजाडता जयसिंग चावी खांद्यावर घेऊन निघाला. निघण्याआधी मीनाबाईने त्याला दारामागे उभं केलं होतं. ती कापड धरून होती आणि तो स्वतःभोवती गोल गोल फिरत होता. खड्ड्यावर फिरायचा तसाच. “ओढू?” “ओढ.” “आणखी?” “आणखी जरा.” मग तिने शेवटची गाठ दातांनी आवळली होती.

गणपतरावांच्या बंगल्यासमोरचं झाकण त्याने पायाने सरकवलं. गणपतराव फिरून परत येत होते. पांढरे बूट, हातात घडी केलेला पेपर. त्यांनी लांबूनच पेपर हलवला.

“काय रं जयश्या! झळकलास की पेपरात! सगळ्या जिल्ह्यानं बघितलं तुला आज.”

“व्हय साहेब.”

गणपतरावांनी जवळ येऊन त्याच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

“आणि फेटा कुठाय? आं? एवढ्या मायेनं दिला आमी. आजच्या दिस तरी बांधून यायचास!”

“बांधलाय की, साहेब,” जयसिंग म्हणाला.

गणपतरावांनी पुन्हा त्याच्या डोक्याकडे पाहिलं. मग थट्टा असेल असं समजून ते मोठ्याने हसले आणि फाटक उघडून आत गेले. वरच्या मजल्यावर बादल्या मांडल्याचा आवाज आला.

जयसिंगने चावी खड्ड्यात सोडली आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवली. शर्टाखालून गुलाबी कापडाचं एक टोक बाहेर आलं होतं. ते त्याने नीट आत खोचलं, पाय रोवले आणि फिरायला सुरुवात केली.